यंत्राचा डोळा कोण तपासणार?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. फक्त शिव्या कमी केल्यात.)



आज कविता नाही. ज्यांना कविता ऐकायच्या होत्या त्यांनी चहा पिऊन घ्या आणि बसा, कारण आजचा विषय कवितेपेक्षा कमी धोक्याचा नाही. बांधकामाच्या साइटवर आता डोळेवाली यंत्रं येतायत. खोदणारं यंत्र, रचणारं यंत्र, माल उचलणारं यंत्र. त्यांच्या टपावर एक डबा फिरतो आणि समोरचं जग तो मोजतो. लांबी, रुंदी आणि खोली, तिन्ही. त्याला थ्री-डी रेंज सेन्सर म्हणतात, कुणी लायडर म्हणतात, साइटवरची पोरं सरळ स्कॅनर म्हणतात. मी पण स्कॅनर म्हणेन.

कुणी म्हणेल, तू गोदीत माल ओढणारा माणूस, दहावी पास, तुला काय कळतं यातलं? बरोबर आहे. पण त्या यंत्राच्या समोर इंजिनियर उभा राहणार नाहीये. मी उभा राहणार आहे. तुझा भाऊ उभा राहणार आहे. ज्याच्या अंगावर बकेट येणार त्याने त्या डोळ्याची नजर कशी आहे हे विचारायचं नाही, तर कुणी विचारायचं?

म्हणून वाचलं. रात्रपाळीच्या मधल्या वेळात वाचलं, शब्दकोश मांडीवर घेऊन. जे समजलं ते सांगतो.

हा डोळा बघतो कसा? तो बघत नाही, तो मोजतो. एक लेझरचा ठोका सोडतो, ठोका समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघतो ना आपण, तसंच. फरक एवढाच की उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्यात उजेड तीस सेंटिमीटर जातो. जाऊन परत यायचं असेल तर पंधरा. म्हणजे एका सेंटिमीटरचा फरक ओळखायला या डब्यातल्या घड्याळाला नॅनोसेकंदाचाही पंधरावा हिस्सा ओळखावा लागतो. हे तो करतो, सेकंदाला लाखो वेळा करतो. माणसाच्या डोक्याला सलाम केला पाहिजे. मी यंत्राचा द्वेष करायला उभा राहिलो नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

दुसरे प्रकार पण आहेत. एकात ठोके सोडत नाहीत, उजेड लाटेसारखा कमी-जास्त करत सतत सोडतात आणि परत आलेली लाट किती मागे पडली ते बघतात. एकात ठिपक्यांची जाळी टाकून ती कशी वाकते ते कॅमेऱ्याने बघतात. २०१० साली मायक्रोसॉफ्टने गेमसाठी काढलेला किनेक्ट असाच होता, स्वस्त होता म्हणून संशोधकांनी त्याच्यावर उड्या घेतल्या. पण उन्हात नेला की त्याची जाळी धुऊन जायची, आणि बांधकाम काय एसी हॉलमध्ये चालतं? आणि एक दोन कॅमेऱ्यांचा, आपल्या दोन डोळ्यांसारखा. त्याला कोरी गिलावा केलेली भिंत दाखवा, गोंधळतो. धरायला खूणच नाही. हे प्रकार सोडून देतो, कारण साइटवर मुख्य येतो तो लेझरवाला.

आता कंपनीचं माहितीपत्रक घ्या. गुळगुळीत कागद. त्यावर लिहिलेलं असतं: पल्ला १०० मीटर. वा! आणि खाली मुंगीच्या अक्षरात: ८० टक्के परावर्तनाच्या पृष्ठभागावर. हे ८० टक्के म्हणजे काय? म्हणजे समोर पांढऱ्या कागदासारखं काहीतरी धरलंय, पडलेल्या उजेडातला ८० टक्के उजेड परत फेकणारं. तुमच्या साइटवर काय असतं? ओली माती. डांबर. काळं प्लॅस्टिक. ग्रीसने माखलेला लोखंडी पाईप. नवीन डांबर दहा टक्के पण परत देत नाही.

गणित करू, सोपं आहे. परत येणारा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. दुप्पट लांब, चौपट कमी. आता ८० टक्क्यांच्या जागी १० टक्क्यांची वस्तू ठेवली तर उजेड आठ पट कमी झाला. आठचं वर्गमूळ साधारण २.८. शंभराला २.८ ने भागा. पस्तीस मीटर उरले. कागदावरचे शंभर मीटर साइटवर पस्तीस झाले, आणि यात अजून धूळ नाही, पाऊस नाही, काचेवर बसलेला चिखल नाही. म्हणून पहिला प्रश्न पाठ करा: पल्ला किती नाही, कशावर किती? चांगल्या कंपन्या दोन्ही आकडे छापतात. जी एकच छापते तिच्या सेल्समनला खुर्ची द्या आणि चहा देऊ नका.

आम्ही हे थोडं करून पण बघितलं. एका मित्राचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे सेकंडहँड विकायला एक महागडा फोन आला होता. २०२० पासून अ‍ॅपलच्या प्रो फोनमध्ये छोटा लायडर असतो, पाचेक मीटरपर्यंत बघणारा. आम्ही रात्री शटर ओढून त्याच्यासमोर वस्तू मांडल्या. कोरडं गोणपाट छान दिसलं. ओला काळा रेनकोट ठेवला, ठिपके विरळ झाले. स्टीलची कळशी ठेवली, तिचा आकार खाल्ला गेला. आणि आरसा ठेवला तेव्हा गंमत. फोनला आरसा दिसलाच नाही, आरशाच्या मागे एक अख्खी खोली दिसली. त्या खोलीत आम्ही चौघं उलटे उभे होतो. साइटवर पावसाळ्यात जे डबकं साचतं ते पण आरसाच आहे. लेझर त्याच्यावर तिरका पडला की उसळून भलतीकडे जातो. परत काहीच आलं नाही तर यंत्राला तिथं भोक दिसतं, आणि कुठं आपटून परत आला तर जमिनीखाली काहीतरी दिसतं. यंत्राच्या नकाशात मुंबईचा पावसाळा म्हणजे भोकंच भोकं.

आता एक गोष्ट जपून सांगतो. यंत्राला काळं कमी दिसतं म्हटल्यावर आपल्यातला एखादा कवी लगेच ओळ लिहायला घेईल, की बघा, यंत्रसुद्धा काळ्या कातडीला ओळखत नाही. लिहू नका. ओळ खोटी होईल. हे बहुतेक लेझर आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचे नसतात, अवरक्त असतात, पुष्कळदा ९०५ नॅनोमीटरचे. त्या उजेडात कातडीच्या रंगद्रव्याचा जोर फार कमी पडतो. गोरी कातडी आणि काळी कातडी तिथं बरीच सारखी दिसते. कातडी सारखीच दिसते, कापड नाही. कुठला कपडा अवरक्तात काळा आणि कुठला पांढरा हे डोळ्याने ओळखता येत नाही, मोजावंच लागतं. आणि साइटवर फाटका, मळका, भिजलेला कपडा कुणाच्या अंगावर असतो आणि कोरं फ्लोरोसंट जॅकेट कुणाच्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. अन्याय तिथं आहे. आपण बोट ठेवायचं ते बरोबर जागेवर ठेवायचं, नाहीतर समोरचा एका वाक्यात आपल्याला उडवतो.

पुढचं. लेझरची रेघ सुईसारखी बारीक नसते. ती टॉर्चच्या झोतासारखी फुगत जाते, अर्थात फार कमी. एखाद्या स्कॅनरचा फुगवटा ०.३ मिलिरेडियन असेल तर शंभर मीटरवर तो झोत तीन सेंटिमीटरने वाढलेला असतो. आता हा झोत एखाद्या लोखंडी सळईच्या कडेवर पडला, अर्धा सळईवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर. काही यंत्रं दोन्हीची सरासरी काढतात आणि मध्येच हवेत एक ठिपका ठोकतात, जिथं काहीच नाही. याला मिश्र ठिपका म्हणतात. मी त्याला भुताचा ठिपका म्हणतो. भुतं आली की इंजिनियर काय करतो? गाळणी लावतो. एकटे-दुकटे ठिपके दिसले की ते कचरा समजून फेकून द्यायचे. धुळीचे पण असेच फेकतात.

इथं थांबा जरा. इथंच सगळा मुद्दा आहे.

एकटा-दुकटा ठिपका म्हणजे कोण? चर खोदलाय, पाईप टाकायचाय. चरात माणूस उतरलाय. वर फक्त डोकं आहे, वीत भर. स्कॅनर तीस मीटरवर आहे. त्याचे ठिपके आडवे ०.२ अंशावर पडतात समजा. तीस मीटरवर दोन ठिपक्यांत साधारण साडेदहा सेंटिमीटर अंतर पडलं. वीसेक सेंटिमीटरच्या डोक्यावर किती ठिपके? दोन. हे आडवं झालं. उभं बघा. सोळा रेषांचे स्कॅनर स्वस्त म्हणून पुष्कळ चालले. तीस अंशांत सोळा रेषा, म्हणजे दोन रेषांत दोन अंशांची फट. तीस मीटरवर ही फट एक मीटरहून थोडी जास्त होते. एक मीटर! त्या फटीत अख्खं डोकं मावतं, एक पण ठिपका न लागता. आणि नशिबाने दोन ठिपके लागलेच, तर गाळणी म्हणते, दोनच आहेत, कचरा आहे, फेक.

यंत्र खोटं बोललं नाही. यंत्राने त्याला शिकवलं तेच केलं. कुणी शिकवलं? ज्याला वाटतं की यंत्र उगाच थांबता कामा नये. कारण गाळणी लावली नाही तर धुळीचा लोट उठला की यंत्राला भिंत दिसते आणि ते थांबतं. दिवसातून पन्नास वेळा थांबलं तर कंत्राटदाराचे पैसे जातात, आणि मग सुपरवायझर एक बटण शोधून ती थांबायची सोयच बंद करतो. उगाच थांबणं आणि थांबायला हवं तिथं न थांबणं, या दोन चुकांमध्ये काटा कुठं लावायचा, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही. एका चुकीचा खर्च मालकाच्या खिशातून जातो आणि दुसरीचा आपल्या घरातून. काटा लावताना आपण त्या खोलीत नसतो.

चांगल्या यंत्रांवर उपाय आहेत, ते पण सांगितले पाहिजेत. एकाच ठोक्याचे अनेक प्रतिध्वनी ऐकणारे स्कॅनर असतात. पहिला प्रतिध्वनी धुळीचा, शेवटचा मागच्या घट्ट वस्तूचा. शेवटचा धरला की विरळ धुळीच्या पार दिसतं. जास्त रेषांचे स्कॅनर असतात. दोन-तीन स्कॅनर वेगवेगळ्या कोनांत लावता येतात, रडार जोडता येतं. सगळं करता येतं. पैसे लागतात.

आता तपासणी कोण करतं ते बघू. हे काम जगात झालेलं आहे, आणि चांगलं झालेलं आहे. जर्मनीत माइन्झ इथल्या संशोधकांनी २००३ साली निरनिराळ्या कंपन्यांचे स्कॅनर एकाच जागी, एकाच वस्तूंवर तपासले, कारण कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघताच येत नव्हते. त्यांची एक युक्ती मला फार आवडली. एक पेटी. तिच्या पुढच्या फळीला मधून बाहेर रुंद होत जाणाऱ्या फटी, सायकलच्या स्पोकसारख्या. मागे दुसरी फळी. स्कॅनरला मागची फळी फटीतून मध्याच्या किती जवळपर्यंत दिसते, त्यावरून त्याची नजर किती बारीक ते कळतं. डोळ्याच्या डॉक्टरकडची अक्षरांची पाटीच की! अमेरिकेत मेरिलँडमध्ये गेथर्सबर्गला एनआयएसटी ही सरकारी मोजमाप संस्था आहे. तिथल्या बांधकाम विभागाने या स्कॅनरांसाठी परीक्षेची जागा कशी असावी यावर २००३ साली सगळ्यांना बसवून चर्चा केली. पुढं २००६ साली एएसटीएमची ई५७ ही समिती झाली. तिने आधी शब्दांच्या व्याख्या ठरवल्या, मग २०१५ आणि २०१७ साली परीक्षेच्या प्रमाण पद्धती काढल्या. गोळे आणि पाट्या ठरलेल्या जागी ठेवायच्या, खूप जास्त अचूक यंत्राने त्यांची अंतरं आधी मोजायची, मग स्कॅनरचं उत्तर पडताळायचं.

व्याख्येवर वाद घालणाऱ्या लोकांची आपण चेष्टा करतो. करू नका. अचूक म्हणजे काय हे ठरल्याशिवाय फसवणूक पकडता येत नाही. वाण्याचा काटा घ्या. दरवेळी शंभर ग्रॅम कमी देतो, पण दरवेळी बरोबर शंभरच. हा काटा इमानदार आहे का? त्याचं उत्तर दरवेळी तेच येतं, म्हणजे तो एकसारखा आहे. पण खरा नाही. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत आणि सेल्समन नेमका त्यांची अदलाबदल करतो. एकसारखेपणाचा आकडा दाखवतो आणि खरेपणाचा म्हणून विकतो.

याचा आपल्या पोटाशी काय संबंध? मातीकाम ब्रासवर असतं. एक ब्रास शंभर घनफूट. आपल्या बापांनी खड्डे खणले आणि मुकादमाने टेप लावला. टेप कुठं सैल सोडायचा, खड्ड्याच्या कुठल्या कोपऱ्यात धरायचा, ही कला होती. त्या कलेवर मुकादमांची घरं दुमजली झाली. आता स्कॅनर येतो, खोदण्याआधी जमीन मोजतो, खोदल्यावर मोजतो, वजाबाकी करतो. मला विचाराल तर ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे. लाखो ठिपक्यांना मुकादम लाच देऊ शकत नाही. इकडेतिकडे उडणारी चूक असेल, एक ठिपका वर, एक खाली, तर लाखांमध्ये ती एकमेकांना खाऊन टाकते. पण काटा वाण्यासारखा असेल तर? समजा हजार चौरस मीटर जमीन आहे आणि स्कॅनर खोदल्यानंतरच्या मोजणीत दरवेळी दोनच सेंटिमीटर वर दाखवतो. दोन सेंटिमीटर, बोटाच्या पेराएवढे. हजार गुणिले दोन सेंटिमीटर, वीस घनमीटर. म्हणजे सात ब्रास. सात ब्रास माती खोदली, उचलली, टाकली आणि ती हवेत गेली. कुणी चोरली नाही, कुणाचं नाव घेता येत नाही. म्हणून मोजणीच्या दिवशी विचारायचं: हा स्कॅनर शेवटचा कधी आणि कशाशी ताडून बघितला? ओळखीच्या उंचीची एक खूण साइटवर पक्की ठोकायची आणि दरवेळी आधी ती मोजून दाखवायला लावायची. एवढं तर दहावी पास माणूस करू शकतो.

यंत्राची ताकद पण बघा, नाहीतर आपण आंधळेपणाने लढू. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या शेवटी पंचवीस टनी खोदयंत्र माणसाशिवाय ट्रक भरत होतं, दोन फिरत्या लेझरच्या नजरेवर. हे पंचवीस वर्षांपूर्वीचं झालं. आणि स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ ओबरग्लाटला ईटीएच विद्यापीठाच्या खोदयंत्राने बिनसिमेंटची दगडी भिंत रचली. सहा मीटर उंच, पासष्ट मीटर लांब. २०२३ साली त्यावर लेख आला. दगड घडीव नव्हते, ओबडधोबड होते, जुन्या काँक्रीटचे तुकडे पण होते. यंत्राने दगड उचलायचा, सगळ्या बाजूंनी स्कॅन करायचा, त्याचा तोल कुठं आहे ते काढायचं, आणि कुठला दगड कुठं बसेल हे संगणकाने ठरवायचं.

मी ते वाचलं आणि माझ्या डोळ्यासमोर वडारवाडी आली. दगड हातात घेऊन न बघता फिरवायचा, त्याची बसकी बाजू अंगठ्याने ओळखायची, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या त्या हातांत आहे. त्या विद्येला कुणी विद्या म्हटलं नाही. अडाणी म्हटलं. आता तीच गोष्ट यंत्राला जमवायला विद्यापीठं बसली, पदव्या मिळाल्या. मला त्या संशोधकांवर राग नाही, त्यांनी प्रामाणिक काम केलंय. राग त्यावर आहे की ती अवघड होती हे कळायला यंत्र यावं लागलं.

आता आपल्याकडचं. आमच्या धक्क्याच्या बाजूला नवीन यार्डाचं बांधकाम चाललंय. कंत्राटदाराने एक पोकलेन आणलं, टपावर स्कॅनर. म्हणे मध्ये माणूस आला की आपोआप थांबतं. सगळ्यांना बोलावलं बघायला. एक सेफ्टीवाला साहेब कोरं नारिंगी जॅकेट घालून समोर ताठ उभा राहिला. पोकलेन थांबलं. टाळ्या. मग आमच्यासमोर एक कागद आला, की कामगारांना सुरक्षा यंत्रणेची माहिती दिली, सह्या करा. मी म्हटलं, साहेब, आता जरा खाली बसा. ते हसले. मी म्हटलं, आमच्यातला एक जण बसतो, अंगावर काळी ताडपत्री घेऊन, ताडपत्रीवर बादलीभर पाणी टाकतो, आणि बकेट रिकामी ठेवून लांबूनच बघू, नुसत्या पडद्यावर दिसतो का ते. पोकलेन हलवायची पण गरज नाही. ते म्हणाले, त्याची प्रोसिजर नाही. सह्या झाल्या नाहीत. नऊ जणांनी केल्या, त्यांना मी नावं ठेवत नाही, हजेरी त्या साहेबाच्या हातात आहे.

प्रोसिजर नाही म्हणे. आहे. कारखान्यातल्या संरक्षक लेझर स्कॅनरांसाठी आयईसी ६१४९६ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्याच्या तिसऱ्या भागात परीक्षेची काळी वस्तू ठरवून दिलीय: फक्त १.८ टक्के उजेड परत देणारी. साधारण काळं कॉर्डरॉय कापड. का? कारण कुणीतरी विचार केला की कामगाराची पँट काळी असू शकते, आणि यंत्राला काळा पाय पण दिसला पाहिजे. पाय ओळखायला बारीकपणा किती लागतो त्याचा पण हिशेब असतो, सत्तर मिलिमीटर. म्हणजे ऐंशी टक्क्यांचा पांढरा कागद आणि १.८ टक्क्यांची काळी पँट, या दोन परीक्षांमध्ये जेवढं अंतर आहे तेवढंच अंतर मापाचं यंत्र आणि जिवाचं यंत्र यांच्यात आहे. नकाशा काढायला आणलेला स्कॅनर माणूस वाचवायला लावला की तो वाचवेलच असं नाही. त्याची ती परीक्षाच झालेली नसते. लक्षात ठेवा, दिसायला दोन्ही डबे सारखेच असतात.

कुणी म्हणेल, मग यंत्र नकोच. मी असं म्हणणार नाही. १९४५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी गांधीवादावर लिहिताना यंत्राची बाजू घेतलीय. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवायला यंत्र लागतं, दोष असेल तर यंत्र कुणाच्या मालकीचं आणि समाजाची घडी कशी यात आहे, अशी त्यांची मांडणी आहे. ती वाचून घ्या. गटारात माणसाला सुरक्षा साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबो उतरला, तरी माणूस अजून उतरतोय. तिथं यंत्र का येत नाही आणि यार्डात इतक्या घाईने का येतं? यार्डात एक तास वाचला की पैसे वाचतात. गटारात वाचतो तो फक्त माणूस. जपानमध्ये बांधकामाला हात मिळेनात तेव्हा सरकारने २०१६ पासून यंत्रं आणायचा कार्यक्रम घेतला. आपल्याकडे नाक्यावर सकाळी सातला हात उभे असतात, भाव करून मिळतात. जिथं हात स्वस्त, तिथं माणूसच सेन्सर. चराची कड ढासळतेय का ते बघायला माणूस आत पाठवतात. तिथं मला स्कॅनर हवाय. आज हवाय.

आमच्या गोदीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. १९५६ साली अमेरिकेत आयडियल एक्स नावाच्या जहाजावर अठ्ठावन्न कंटेनर चढले. १९८९ साली पलीकडे न्हावाशेवा सुरू झालं. पोती वाहणाऱ्या खांद्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता केरळात विझिंजमच्या बंदरावर क्रेनचालक क्रेनवर बसत नाही, लांब खोलीत पडद्यासमोर बसतो. २०२५ साली त्याचं उद्घाटन झालं. तो पडदा आपल्या पोरांनी चालवायचा की बघत बसायचं, हा वेगळा विषय, पुढच्या वर्गात घेऊ. पण एक आता सांगतो. जो स्कॅनर खड्डा मोजतो तो आपल्याला पण मोजतो. कोण किती वेळ बसला, कोण कुठं गेला, सगळं ठिपक्यांत उरतं. ते ठिपके कुणाकडे राहणार हे विचारायला विसरू नका.

आता कामाचं. त्या कंत्राटदाराला द्यायचं पत्र मी लिहून आणलंय, वाचतो, दुरुस्ती सुचवा. त्यात विचारलंय की हा स्कॅनर मापाचा आहे की माणसाच्या संरक्षणाचा, आणि संरक्षणाचा असेल तर कुठल्या प्रमाणाखाली तपासलेला. दहा टक्के परावर्तनावर त्याचा पल्ला किती. तीस मीटरवर दोन रेषांत फट किती. किती ठिपके असले की तो वस्तूला वस्तू मानतो आणि हा आकडा साइटवर बदलायचा अधिकार कुणाला आहे. थांबायची सोय बंद केली तर त्याची नोंद होते का आणि ती नोंद आम्हाला बघता येते का. काच कोण पुसतो, दिवसातून किती वेळा. आणि शेवटचं, पावसात, बसलेल्या माणसावर, ओल्या काळ्या ताडपत्रीखाली, चरातून डोकं वर काढलेल्या पुतळ्यावर परीक्षा आमच्यासमोर घ्यावी. पुतळ्यावर, माणसावर नाही. हे मी ठळक केलंय, कारण आपल्यातलेच काही जण बसायला तयार आहेत आणि ते मला मान्य नाही.

सह्या इथंच करा, मागच्या पानावर. इंग्रजी प्रत लॉ कॉलेजातली पोरगी करून देते आहे. पुतळ्यासाठी गोणपाट आणि पेंढा लागेल, उंची पाच फूट धरा. काळा रेनकोट ज्याच्याकडे असेल त्याने रविवारी आणावा, फाटका चालेल. आरसा मी आणतो.